दहाव्याच्या आधी

नाशिकच्या रामकुंडावर दहाव्याला आलेली माणसं लांबूनही ओळखू येतात. मुंडन झालेला मुलगा, पांढऱ्या टोपीतले काका, थोड्या अंतरावर उभ्या बायका आणि मांडलेल्या पिंडाकडे लागलेले सगळ्यांचे डोळे. कावळा पटकन शिवला तर ठीक. नाही शिवला की बोलणं सुरू होतं. कुणी हात जोडून म्हणतं, धाकटीच्या लग्नाचं आम्ही बघतो, काळजी करू नका. कुणी म्हणतं, मळा विकणार नाही. कुणी म्हणतं, आईला अंतर देणार नाही. कुणाला आठवतं, की शेवटचे पंधरा दिवस त्यांना जिलबी खायची होती आणि शुगरमुळे आपण दिली नव्हती. मग एखादा पुतण्या पंचवटीतल्या दुकानाकडे धावतो. एवढं करूनही कावळा आलाच नाही, तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात आणि सगळे घरी जातात.

या विधीला हसणं सोपं आहे. पण नीट पाहिलं तर जाणाऱ्या माणसाची इच्छा काय होती, त्याला घोर कशाचा होता, त्याचा जीव कशात अडकला होता, हे उघडपणे आणि चारचौघांत बोलायची सोय आपल्या समाजाने करून ठेवलेली आहे. अडचण इतकीच की ती सोय मरणानंतर दहाव्या दिवशी आहे. उत्तर ज्याच्याकडे होतं, तो दोन आठवड्यांपूर्वी त्याच घरात खाटेवर पडून होता. तेव्हा त्याला सगळे सांगत होते, ‘काही नाही झालेलं, दोन दिवसांत उठून बसाल.’

गंभीर आजाऱ्याशी त्याच्या शेवटाबद्दल कसं बोलावं, हा आता वैद्यकशास्त्रातला शिकवायचा विषय झाला आहे. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात रुग्णाचा त्रास कमी करणारी सेवा, करणारे डॉक्टर, नर्स, समाजसेवक हे कौशल्य रोज वापरतात. त्याचा इतिहास बहुतेक वेळा ‘सांगावं की सांगू नये’ या वादाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. मला तो मागोवा अपुरा वाटतो. सांगण्यापेक्षा विचारण्याचा धागा धरून मागे गेलं तर वाट वेगळी लागते आणि ती बरीचशी आपल्याच मुलखातून जाते.

सगळ्यात मागचा मुक्काम चरकसंहितेत आहे. तिचं इंद्रियस्थान हे बारा अध्यायांचं प्रकरण मरणचिन्हांनाच वाहिलेलं आहे. रोग्याचा वर्ण, स्वर, अंगाचा गंध, सावली, त्याला पडणारी स्वप्नं, एवढंच काय, वैद्याला बोलावायला आलेला माणूस कोणत्या अवतारात आला, यावरूनही आयुष्य किती उरलं ते ताडायचं. इतकं बारकाईने ओळखायला शिकवून झाल्यावर शेवटच्या अध्यायात वैद्याला बजावलं आहे, की मरण समोर दिसत असलं तरी विचारल्याशिवाय बोलू नकोस. आणि जिथे बोलण्याने रोग्याला किंवा आणखी कुणाला अपाय होईल, तिथे विचारलं तरी बोलू नकोस. विमानस्थानात शिष्याला दीक्षा देतानाच्या उपदेशातही हीच ताकीद आहे. यात करुणा आहेच. पण त्याच ग्रंथाने असंही सांगून ठेवलंय की असाध्य रोगाला हात घालणाऱ्या वैद्याचा पैसा, विद्या आणि कीर्ती तिन्ही जातात. तेव्हा गप्प राहणं कितपत रोग्यासाठी होतं आणि कितपत वैद्याच्या नावासाठी, हे वेगळं काढता येत नाही. वैद्याचं येणं हळूहळू थांबलं की घराने काय ते समजून घ्यायचं.

चरकाच्या या दोन सूचनांपैकी पहिली ध्यानात ठेवावी. आजच्या पॅलिएटिव्ह केअरच्या माणसाला ती बरीचशी मान्य आहे. भांडण दुसरीशी आहे.

पण गप्प राहणं हीच एक परंपरा होती असं नाही. नाशिकपासून तासाभराच्या वाटेवर त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची समाधी आहे आणि पौष वद्य एकादशीला तिथे वारकऱ्यांची मोठी यात्रा भरते. १२९६ साली आळंदीला ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली आणि पुढच्याच वर्षी निवृत्तिनाथांनी. नामदेवांच्या नावावरचे समाधीचे अभंग वारकरी आजही कीर्तनात रडत ऐकतात, कारण तिथे जाणारा सांगून जातो. जमलेल्यांना ठाऊक असतं, निरोप दोन्ही बाजूंनी घेतला जातो आणि दुःख लपवायची कुणावर सक्ती नसते. जैनांमध्ये तर याला शिस्तच आहे. सल्लेखना कधी घ्यावी याची कारणं समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त दिली आहेत: संकट, दुष्काळ, वार्धक्य आणि बरा न होणारा रोग. ती मनात आली म्हणून घेता येत नाही. गुरूला विचारावं लागतं, घरच्यांचा निरोप घ्यावा लागतो, क्षमा मागावी लागते. ‘भगवती आराधना’ या प्राचीन ग्रंथात त्या साधूची शेवटपर्यंत सेवा करणाऱ्या निर्यापकांची कामंसुद्धा वाटून दिली आहेत. १९५५ मध्ये आचार्य शांतिसागरांनी मराठवाड्यातल्या कुंथलगिरीला अशी सल्लेखना घेतली, तेव्हा हजारो लोक दर्शनाला लोटले होते. हा मार्ग सगळ्यांना पटेल असं नाही. २०१५ साली राजस्थान उच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. मला इथे त्याची बाजू मांडायची नाही. मरणाऱ्याला मध्ये बसवून मरणाबद्दल बोलायची रीत या मातीत होती, एवढंच नोंदवायचं आहे.

दरबारातही ती होती. थोरले माधवराव पेशवे क्षयाने खंगत १७७२ साली थेऊरच्या गणपतीपाशी येऊन राहिले. वय अवघं सत्तावीस. जवळच्यांना बोलावून त्यांनी नऊ कलमांची याद करवून घेतली. कर्ज फेडावं हे त्यातलं एक प्रमुख कलम. १८ नोव्हेंबरला ते गेले. आजच्या भाषेत ती याद म्हणजे आगाऊ इच्छापत्रच. माधवरावांना आजार ठाऊक होता, भोवतालच्यांना ठाऊक होता, आणि ‘काही नाही झालेलं’ असं त्यांना कुणी सांगत बसलं नाही. राज्याचा कारभार अडला असता ना.

तिथेच मेख आहे. संत, मुनी, पेशवा यांच्यापाशी मरणाबद्दल बोललं जायचं, कारण त्यांच्या शब्दाला वजन होतं. घरातल्या सासूबाईंना, विधवा आत्याला, सालदाराला कोण विचारणार होतं? आजार झाला की निर्णय कर्त्या पुरुषाचा. ही रीत दवाखान्यात आल्यावर फारशी बदलली नाही. कर्ता पुरुष गेला आणि त्याच्या जागी ‘पेशंटचे नातेवाईक कोण?’ हा प्रश्न आला. शुद्धीवर असलेल्या बाईच्या ऑपरेशनच्या कागदावर सही नवऱ्याची किंवा मुलाची, हे दृश्य अजून जुनं झालेलं नाही.

विलायतेहून आलेल्या वैद्यकाने हे मोडायला हवं होतं असं वाटेल. उलट त्याने मान्यता दिली. मँचेस्टरच्या थॉमस पर्सिव्हलने १८०३ साली ‘मेडिकल एथिक्स’ लिहिलं. त्याचा सल्ला असा, की डॉक्टरने निराशेची भाकितं करत फिरू नये, धोक्याची सूचना वेळेवर रोग्याच्या आप्तांना द्यावी आणि रोग्यापाशी आशेचा दूत म्हणून राहावं. १८४७ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनची पहिली आचारसंहिता आली, तिने हे जवळपास जसंच्या तसं उचललं. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं ते १८४५ मध्ये, याच विचारांच्या भरतीत. म्हणजे महाराष्ट्रातल्या डॉक्टरला देशी आणि विलायती दोन्ही आजोळांकडून एकच शिकवण मिळाली: रोग्याशी गोड बोल, खरं नातेवाइकांना सांग. दोन संस्कृतींचं इतकं एकमत दुसऱ्या कुठल्या मुद्द्यावर क्वचितच झालं असेल.

त्यातून जी मराठी रीत तयार झाली ती सगळ्यांना पाठ आहे. डॉक्टर केबिनमध्ये मुलाला बोलावतात, फाइल मिटतात आणि म्हणतात, ‘आता घरी न्या. सेवा करा. जे मागतील ते खायला द्या.’ या तीन वाक्यांत निदान आहे, भाकीत आहे आणि उपचारही आहे. त्यातलं तिसरं वाक्य तर मला फार मोलाचं वाटतं. आयुष्यभराचं पथ्य एका झटक्यात उठवलं जातं आणि आजाऱ्याच्या इच्छेला पहिल्यांदा मान मिळतो, निदान खाण्यापुरता. पण पथ्य उठलं की शहाण्या आजाऱ्याला काय कळायचं ते कळतं. आणि ज्याला जेवणच जात नाही, त्याला ‘जे मागाल ते’ म्हणणं ही थट्टा होते. त्याला कदाचित वेगळंच काही मागायचं असतं.

कर्करोगाच्या बाबतीत लपवाछपवी आणखी अवघड. मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं, आणि मग उत्तर महाराष्ट्रातून कल्याण-दादरची वाट धरणाऱ्यांची रीघ लागली. ‘टाटाला दाखवलंय’ एवढं म्हटलं की गावाला कळतं. पंचवटी एक्स्प्रेसने मुलगा वडिलांना घेऊन जातो, ‘साधी गाठ आहे’ असं वाटेत सांगत राहतो. वडील खिडकीबाहेर बघत मान डोलावतात. दोघांनाही इमारतीवरची पाटी वाचता येते.

या नाटकाला नाव मिळालं ते सॅन फ्रान्सिस्कोमध्ये. बार्नी ग्लेझर आणि ॲन्सेल्म स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी तिथल्या रुग्णालयांत बसून १९६५ साली ‘अवेअरनेस ऑफ डाइंग’ हे पुस्तक लिहिलं. मरणाऱ्याभोवती माहितीच्या चार स्थिती असतात, असं त्यांनी मांडलं: त्याला काहीच ठाऊक नाही, त्याला संशय आहे, दोघांनाही ठाऊक आहे पण दोघंही सोंग वठवतात, आणि उघड. तिसरी स्थिती वाचताना मराठी वाचकाला आपलं घर आठवेल. तेव्हाचे अमेरिकन डॉक्टरही आपल्यासारखेच होते. डोनाल्ड ओकेन यांनी १९६१ मध्ये शिकागोच्या एका रुग्णालयातल्या डॉक्टरांना विचारलं, तर सुमारे ९० टक्के डॉक्टरांचा कल कर्करोग न सांगण्याकडे होता. १९७९ साली तसाच प्रश्न दुसऱ्या एका पाहणीत विचारला गेला आणि ९७ टक्के डॉक्टर ‘सांगतो’ म्हणाले. अठरा वर्षांत पूर्ण उलटापालट. उपचार सुधारले, रुग्णाच्या संमतीचा कायदा आला, कोर्टकचेऱ्या वाढल्या. म्हणून ती उलटापालट सगळीच माणुसकीची होती असं मी मानत नाही. न सांगण्यात जसा डॉक्टरचा स्वार्थ मिसळलेला होता, तसा सांगून मोकळं होण्यातही असतो.

खरं वळण आलं ते सांगणाऱ्यांमुळे नाही, ऐकणाऱ्यांमुळे. लंडनमध्ये सिसिली सॉंडर्स आधी नर्स होती, पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सुटलं म्हणून रुग्णालयात समाजसेविका झाली. १९४८ साली डेव्हिड टास्मा नावाचा पोलंडहून आलेला ज्यू निर्वासित तिच्या देखरेखीखाली कर्करोगाने मरत होता. नातलग कुणी नाही. ती त्याच्यापाशी जाऊन बसायची, दोघं बोलायची. मरणाऱ्यांसाठी नीट जागा कशी असावी, हा विषय त्या गप्पांतून निघाला. जाताना त्याने तिच्या नावे ५०० पौंड ठेवले, तुझ्या घराची एक खिडकी मी होईन म्हणून. पुढे ती डॉक्टर झाली आणि १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभं राहिलं. तिथे ती खिडकी आहे. आधुनिक हॉस्पिसची चळवळ औषधाच्या शोधातून सुरू झाली नाही. एका बाईने मरणाऱ्या माणसाला वेळ दिला, त्याला विचारलं, त्यातून ती सुरू झाली. ‘सर्वांगीण वेदना’ ही तिची कल्पनाही रुग्णांच्या बोलण्यातूनच आली. कुठे दुखतंय म्हटल्यावर माणसं पाठीपासून सुरुवात करून पोरांपर्यंत, पैशांपर्यंत आणि देवापर्यंत पोचायची.

त्याच सुमारास शिकागोत एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना घेऊन मरणाऱ्या रुग्णांच्या मुलाखती घेऊ पाहत होत्या. मोठ्या रुग्णालयात त्या वॉर्डावॉर्डांतून फिरल्या आणि सगळीकडे उत्तर मिळालं, की आमच्याकडे मरणारा रुग्ण नाही. त्यांच्या १९६९ च्या पुस्तकातले दुःखाचे पाच टप्पे जगभर गाजले, आपल्याकडे मोटिव्हेशनच्या व्याख्यानांतसुद्धा पोचले. ते टप्पे काटेकोर मानायला संशोधनाचा आधार फारसा नाही. पण रुग्णाला शिक्षक म्हणून बसवून आपण विद्यार्थी व्हायचं, ही त्यांची खरी करामत होती आणि नेमकी तीच विसरली गेली.

आपल्याकडे पहिलं हॉस्पिस मुंबईत वांद्र्याला १९८६ साली सुरू झालं, शांती आवेदना सदन. टाटातले कर्करोग शल्यविशारद डॉ. लुईस डिसोझा यांनी ते उभारलं. पुढे गोव्यात लोटलीला आणि दिल्लीला त्याच्या शाखा निघाल्या. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ मध्ये आलं. दरम्यान केरळात, १९९३ पासून कोळिकोडला, डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी हे काम रुग्णालयातून गल्लीत आणलं. आड येत होता तो १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा. त्याच्या धाकाने दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं होतं. २०१४ च्या दुरुस्तीने परवान्यांची भानगड कमी केली. मॉर्फिनचा इथे संबंध काय, असं वाटेल. वेदनेने कळवळणाऱ्याला ‘तुमची इच्छा काय?’ विचारलं तर तो एकच उत्तर देतो, आणि त्याला दुसरं काही सुचणंही शक्य नसतं. म्हणून चांगल्या टीमचा नियम असतो: आधी दुखणं आटोक्यात, मग बोलणं. दर चार तासांची गोळी चुकू न देणारी सिस्टर ही त्या संवादाची पहिली पायरी असते.

२०१२ मध्ये महाराष्ट्राने पॅलिएटिव्ह केअरचं धोरण आणलं, केरळनंतरचं दुसरं राज्य म्हणून. त्याच वर्षी टाटामध्ये या विषयाचं एमडी सुरू झालं. सरकारी यंत्रणेत हे काम सुरुवातीला ज्या जिल्ह्यांत आलं त्यांत नाशिक आघाडीवर होता. एकीकडे शहर आणि निफाड-दिंडोरीचा बागायती पट्टा, दुसरीकडे पेठ-सुरगाण्याचे डोंगरी पाडे. जिल्हा रुग्णालयातून घरी गेलेला रुग्ण आरोग्यसेविकेने आणि आशाताईने बघायचा, असा तो प्रयत्न. लंडनच्या खिडकीपासून सुरगाण्याच्या ओट्यापर्यंत एकच काम चालत आलं. पण ओट्यावर बोलायची भाषा लंडनहून आणता येत नाही.

बोलण्याच्या पद्धती पश्चिमेत बांधल्या गेल्या. टोरांटोचे डॉ. रॉबर्ट बकमन यांनी १९९२ मध्ये वाईट बातमी कशी द्यावी यावर पुस्तक लिहिलं. २००० साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी त्याच्या सहा पायऱ्या मांडल्या, त्या आता अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत ‘स्पाइक्स’ म्हणून पाठ करून घेतात. पायऱ्या पाठ होतात, सार निसटतं. सार असं, की सांगण्याआधी विचारा: तुम्हाला काय ठाऊक आहे, आणि किती ऐकायचंय?

या प्रवासात एक मराठी घरही आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावातून आत्माराम गवांदे अमेरिकेला गेले, ओहायोत मूत्रविकारतज्ज्ञ झाले. पुढे त्यांच्या मज्जारज्जूत गाठ निघाली. त्यांचा मुलगा अतुल गवांदे स्वतः सर्जन, पण वडिलांशी काय बोलावं हे त्याला सुचत नव्हतं. ‘बीइंग मॉर्टल’ या २०१४ च्या पुस्तकात त्याने ते लिहिलं आहे. सुझन ब्लॉक या पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टर बाईंकडून तो काही प्रश्न शिकला: आजाराबद्दल तुमची समजूत काय, भीती कशाची, कशासाठी जगावंसं वाटतं, त्यासाठी काय सोसायची तयारी आहे आणि काय नाही. ब्लॉक यांनी स्वतःच्या प्राध्यापक वडिलांना ऑपरेशनच्या आधी हेच विचारलं होतं. चॉकलेट आइस्क्रीम खाता आलं आणि टीव्हीवर फुटबॉल बघता आला तरी जगायची तयारी आहे, असं त्यांचं उत्तर. आत्मारामांना ते पटण्यासारखं नव्हतं. त्यांना माणसांत वावरता यायला हवं होतं, स्वतःवर ताबा हवा होता. दोन वडील, दोन उत्तरं, आणि दोन्ही मुलांना अंदाज चुकण्याची पुरेपूर संधी. वडिलांच्या अस्थी गवांदे कुटुंबाने वाराणसीला गंगेत सोडल्या. म्हणजे रीत मोडली नाही. फक्त प्रश्न वेळेवर विचारले गेले.

आपल्या वॉर्डात हे कसं घडतं? सुरुवात खाटेपाशी नाही, कॉरिडॉरमध्ये होते. मुलगा डॉक्टरांना गाठतो: ‘साहेब, आबांना काही सांगू नका. हाय खातील.’ जुन्या वळणाचे डॉक्टर मान हलवून पुढे जातात. पुस्तकी वळणाचा तरुण डॉक्टर रुग्णाच्या हक्कावर भाषण देतो आणि मुलाला शत्रू करून घेतो. जाणता माणूस दोन्ही करत नाही. तो विचारतो, ‘असं का वाटतं तुम्हाला?’ मग आत्याची गोष्ट निघते, तिला कळलं आणि तिने अन्न सोडलं ती. ‘हे सगळं तुम्ही एकटे वागवताय,’ एवढं म्हटलं तरी मुलाच्या डोळ्यांत पाणी येतं. मग पुढचा प्रश्न: ‘आबांना काहीच कळलं नसेल असं वाटतं?’ यावर बहुतेक जण गप्प होतात. शेवटी एक करार होतो: ‘मी आपणहून काही सांगणार नाही. पण त्यांनी मला विचारलं, तर खोटं बोलणार नाही.’

चरकाची पहिली सूचना इथे जिवंत आहे, न विचारता लादायचं नाही. दुसरी सूचना सोडून दिलेली आहे. आणि चरकात नसलेली एक गोष्ट मधोमध आली आहे: रुग्णाला विचारता येईल अशी जागा मुद्दाम तयार करायची. उभ्याने नाही, स्टूल ओढून बसून. ‘आबा, आतापर्यंत डॉक्टरांनी काय काय सांगितलंय?’ आणि मग थांबायचं. हे थांबणं सगळ्यात अवघड, कारण डॉक्टरला शांतता सोसत नाही. आबा फार वेळा हेच म्हणतात, की मला सगळं कळतंय, पण पोरांना सांगू नका, ती खचतील. कॉरिडॉरमध्ये मुलाने केलेलीच विनंती खाटेवरून परत येते. दोघांना एकत्र बसवलं की अर्धं काम होतं.

सगळेच बोलतात असंही नाही. ‘मला नका सांगू, थोरल्याला सांगा’ म्हणणारी काकू तिचा हक्क सोडत नाही, वापरतेच आहे. तिला बळेच सत्य पाजणं हा उद्धटपणा. ‘किती दिवस?’ या प्रश्नाला आकडा देऊ नये असं शिकवतात. महिने, आठवडे की दिवस, असा अंदाज द्यावा. पण त्याआधी ‘कशासाठी विचारताय?’ हे विचारावं. द्राक्षबागेवाल्याला ऑक्टोबरची छाटणी कुणावर सोपवायची ते ठरवायचं असेल. कुणाला सातबारावर सुनेचं नाव लावायचं असेल. कुणाला सोसायटीचं कर्ज आणि गावातली एक जुनी भांडणाची गाठ, दोन्ही सोडवायची असतील. आणि ‘आता काही करण्यासारखं नाही’ हे वाक्य तर तोंडातून काढूच नये, कारण ते खरंही नसतं. आजार हटवणारं औषध संपलेलं असतं. दम, दुखणं, मळमळ कमी करणारं शिल्लक असतं आणि माणूसही शिल्लक असतो.

व्हेंटिलेटरचा प्रश्न याच गप्पांत यायला हवा, पण तो बहुधा रात्री दोन वाजता आयसीयूच्या दारात येतो. कायद्याने त्याला उशिरा का होईना वाट दिली. मुंबईच्या केईएममधली नर्स अरुणा शानबाग १९७३ मधल्या हल्ल्यानंतर एक्केचाळीस वर्षांहून अधिक काळ तिथेच पडून होती. तिला मरू द्यावं की नाही यावर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद झाला, तिला सांभाळणाऱ्या नर्सनी एक बाजू घेतली, याचिकाकर्तीने दुसरी. तिला स्वतःला विचारणं शक्यच नव्हतं. ९ मार्च २०१८ च्या निकालाने लिव्हिंग विल, म्हणजे उपचारांबद्दलचं आगाऊ इच्छापत्र, मान्य झालं, पण त्यासाठी मॅजिस्ट्रेटची सही मागितली, म्हणून ते कागदावरच राहिलं. २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयाने अट सैल केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. उपचार थांबवायचे तर आधी रुग्णालयाच्या आणि मग दुसऱ्या अशा दोन वैद्यकीय मंडळांची संमती लागते. नाशिकजवळच्या भगूरला जन्मलेल्या सावरकरांनी १९६६ मध्ये आणि पवनारला विनोबांनी १९८२ मध्ये अन्न-औषध सोडलं, तेव्हा त्यांना कुठल्या कागदाची गरज पडली नव्हती. पुन्हा तेच, मोठ्या माणसांचा शब्द चालतो. कागद हवा तो ज्याचा शब्द घरातही चालत नाही त्याला. मात्र बोलणं न करता नुसता फॉर्म भरणारी घरं निघतील, आणि तो फॉर्म आयसीयूच्या दारात मुलाला पहिल्यांदा दिसेल, ही भीती मला आहे.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय नाशिकलाच आहे. राज्यभरातले एमबीबीएसचे विद्यार्थी त्याच्या परीक्षा देतात. २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आहे, वाईट बातमी देण्याचा सरावही त्यात येतो. चांगली गोष्ट. पण विद्यार्थी शिकतो तो राउंडमध्ये सर काय करतात ते बघून, आणि सर तर ओपीडीतल्या रांगेने घेरलेले. म्हणून हे काम प्रत्यक्षात नर्सकडे, समाजसेविकेकडे आणि आशाताईकडेच येतं. मला त्यात उणेपणा दिसत नाही. आजारी माणूस डॉक्टरला क्वचित विचारतो. ड्रेसिंग चालू असताना सिस्टरला विचारतो, ‘ताई, हे भरेल का हो?’ सॉंडर्सची सुरुवातही तिथूनच झाली होती.

अडचण अशी, की त्या क्षणी सिस्टरला उत्तर द्यायचा अधिकार असतो की नाही हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. आबांशी झालेलं बोलणं फाइलमध्ये कुठे लिहायचं, तेही नसतं. फाइलमध्ये बीपीला रकाना आहे, लघवीला रकाना आहे. रुग्णाला काय ठाऊक आहे, घरच्यांना काय ठाऊक आहे, रुग्णाने काय विचारलं आणि त्याला काय उत्तर दिलं, असे चार रकाने घरभेटीच्या नोंदवहीत छापायला फारसा खर्च येणार नाही. पॅलिएटिव्ह केअरच्या चांगल्या टीम हे आताही हाताने लिहून ठेवतात, म्हणजे पुढच्या आठवड्यात दुसरी ताई गेली तरी तिला आबांपाशी पुन्हा पहिल्यापासून नाटक करावं लागत नाही.